छतासकट सगळं

आजारी मूल इस्पितळात दाखल झालं की त्याच्या नजरेस सर्वांत जास्त वेळ काय पडतं? छत. स्ट्रेचरवर आडवं करून वॉर्डातून ऑपरेशन थिएटरकडे नेताना भिंती बाजूने सरकतात, वाकून बोलणाऱ्यांच्या हनुवट्या दिसतात आणि डोळ्यांसमोरून एकामागून एक दिवे जात राहतात. इस्पितळाच्या माहितीपत्रकात मात्र छताचा फोटो नसतो. तिथे प्रवेशद्वार असतं, हसऱ्या सिस्टर असतात, नवं कोरं यंत्र असतं. फोटो काढणारा मोठा माणूस असतो आणि तो उभा असतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून जे दाखवण्याजोगं वाटतं तेवढं तो चौकटीत घेतो.

फोटोचा एक प्रकार असा आहे की त्याला चौकटच नाही. कॅमेरा एका जागी ठेवून डावीकडचं, उजवीकडचं, पाठीमागचं, पायाखालचं आणि डोक्यावरचं असं सगळं टिपायचं. आडवे ३६० अंश, उभे १८० अंश. पाहणारा फोनवर ते उघडतो आणि बोटाने ओढून हवं तिकडे वळतो. असे वीस-पंचवीस गोल फोटो एकमेकांना जोडले की आभासी सफर तयार होते: दारातून आत, केसपेपरच्या खिडकीपाशी, लिफ्टने वर, वॉर्डात, थिएटरच्या दारापर्यंत. फ्लॅट विकणारे आणि हॉटेलं चालवणारे हे तंत्र रोज वापरतात. पण या तंत्राची खरी गरज कोणाला आहे असं मला विचारलं, तर मी उद्या सकाळी ऑपरेशनला जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवीन. त्याला जागा सुंदर आहे की नाही यात रस नसतो. कोपऱ्यापलीकडे काय आहे, हे त्याला आधी कळायला हवं असतं.

चौकट काढून टाकण्याची ओढ फोटोग्राफीपेक्षा जुनी आहे. रॉबर्ट बार्कर नावाचा आयरिश चित्रकार एडिंबरामध्ये राहत होता. तिथल्या काल्टन टेकडीवरून चारी दिशांना पसरलेलं शहर एकाच अखंड गोल चित्रात उतरवायची कल्पना त्याला सुचली आणि १७८७ साली त्याने तिचं पेटंट घेतलं. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये या चित्रांसाठी खास गोल इमारत उभी राहिली. प्रेक्षक अंधाऱ्या वाटेने मधल्या मंचावर येत. उजेड वरून पडे, आणि चित्राची वरची व खालची कड मुद्दाम झाकलेली असे, म्हणजे चित्र कुठे संपतं ते डोळ्याला सापडत नसे. बार्करचा मुलगा हेन्री याने लंडनच्या चित्रासाठी आल्बियन मिल्स या गिरणीच्या छपरावरून रेखाटनं केली होती. ही गिरणी थेम्सच्या दक्षिण काठावर, ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ होती.

त्याच काठाने प्रवाहाच्या उलट चालत गेलं की वेस्टमिन्स्टर पूल येतो. तिथे, पार्लमेंटच्या बरोबर समोर, सेंट थॉमस इस्पितळ आहे आणि त्याच्या आवारात एव्हलिना लंडन हे मुलांचं इस्पितळ. फर्डिनंड द रॉथ्सचाइल्ड यांची पत्नी एव्हलिना १८६६ साली बाळंतपणात गेली. तिच्या नावाने त्यांनी १८६९ मध्ये हे इस्पितळ काढलं. आजची इमारत २००५ साली उघडली. एका अंगाला काचेचं प्रचंड वळणदार छप्पर, आत अनेक मजल्यांइतकी उंच मोकळी जागा. मजल्यांना आकड्यांबरोबर नावंही आहेत: महासागर, आर्क्टिक, जंगल, समुद्रकिनारा, गवताळ माळ, पर्वत, आकाश. वर चढत जावं तसं पृथ्वीवरून वर चढत गेल्यासारखं. वाचता न येणाऱ्या मुलालाही आपण जंगलात दाखल आहोत की आकाशात, हे सांगता येतं. मुलांसाठी बांधलेली वास्तू म्हणजे काय, हे समजायला मला हे उदाहरण फार आवडतं. अशा इमारतीचा गोल फोटो घ्यायचा तर नेमकं काय करावं लागेल, ते पाहू.

आधी एक प्रयोग. एक डोळा मिटा. हात लांब करून अंगठा असा धरा की त्याच्या मागे खिडकीचा एक उभा गज येईल. हात न हलवता मान डावीकडे-उजवीकडे वळवा. अंगठा आणि गज एकमेकांपासून सरकतात. डोळा मानेच्या आसावर नसून बराच पुढे आहे, त्यामुळे मान वळली की डोळ्याची जागाच बदलते, आणि जागा बदलली की जवळच्या व लांबच्या वस्तूंचं नातं बदलतं. याला पॅरलॅक्स म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ याच सरकण्यावरून जवळच्या ताऱ्यांची अंतरं मोजतात. गोल फोटो काढणाऱ्याला मात्र हे सरकणं शून्यावर आणायचं असतं.

कॅमेरा नुसता ट्रायपॉडवर ठेवून फिरवला तर तो खालच्या स्क्रूभोवती फिरतो आणि भिंग त्या आसापासून काही सेंटीमीटर पुढे राहतं. समजा हे अंतर ५ सेंटीमीटर आहे. कॅमेरा ६० अंशांनी वळवला की भिंगाची जागाही बरोबर ५ सेंटीमीटर सरकते. मीटरभर अंतरावरचा सलाईनचा स्टँड आणि पाच मीटर अंतरावरची भिंत यांच्यात त्यामुळे सव्वादोन अंशांचा फरक पडतो. आठ हजार पिक्सेल रुंदीच्या चित्रात हे पन्नासएक पिक्सेल होतात. म्हणजे स्टँडची दांडी मधेच तुटते आणि बाजूला पुन्हा सुरू होते. उपाय सोपा आणि विलक्षण आहे. भिंगात समोरून डोकावलं की आत एक लहान गोल छिद्र दिसतं. ते आत जितक्या खोलवर असल्यासारखं भासतं, तिथे सगळ्या प्रकाशरेषांची वाट ठरते. कॅमेरा एका खास पट्टीवर मागे सरकवून ती जागा नेमकी फिरण्याच्या आसावर आणायची. मग कॅमेरा कितीही फिरला तरी तो बिंदू हलत नाही. अख्खी खोली त्या एका बिंदूतून पाहिलेली असते, आणि त्या बिंदूला लांबी, रुंदी, जाडी काहीच नसते. भूमितीच्या पुस्तकातला बिंदू असा इस्पितळाच्या वॉर्डात येऊन उभा राहतो, ही गोष्ट मला कधी जुनी वाटत नाही.

आता भिंग. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता की पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला जग कसं दिसत असेल. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वरचं अख्खं अर्धगोल आकाश, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, माशाच्या दृष्टीने सुमारे ९७ अंशांच्या शंकूत मावतं. वुडने पाण्याने भरलेला कॅमेरा करून १९०६ साली हे दृश्य टिपलं. त्यातूनच पुढे फिशआय भिंग हे नाव रुजलं. पूर्ण आकाराचा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर १५ मिलिमीटरचं असं भिंग लावलं, तर दर ६० अंशांवर एक असे सहा फोटो, एक छताचा आणि एक जमिनीचा, एवढ्यात सगळी खोली येते.

आठ फोटो, पण प्रत्येक एकदाच काढून भागत नाही. खिडकीबाहेरचं ऊन आणि पलंगाखालची सावली यांच्या उजेडात हजारपटींहून जास्त फरक असू शकतो. डोळा तो सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला एका टिचकीत जमत नाही. म्हणून प्रत्येक दिशेला कमी-जास्त उजेडाचे पाच-पाच फोटो घेतात. पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली दाखवून दिलं की अशा फोटोंवरून त्या जागी खरोखर किती प्रकाश होता ते गणिताने परत मिळवता येतं. आठ दिशा, पाच उजेड, म्हणजे एका जागेचे चाळीस फोटो. मुलांच्या इस्पितळात रंगांनाही फार जपावं लागतं, कारण पांढऱ्या एलईडी दिव्यांखाली माणसाची कातडी सहज हिरवट दिसते. आधीच घाबरलेल्या मुलाला चित्रातली सिस्टर आजारी दिसून चालणार नाही.

मग हे फोटो संगणकात जातात आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग सुरू होतो. कोणता फोटो कुठे बसतो, हे संगणकाला कोणी सांगत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले डेव्हिड लोव्ह यांनी चित्रातल्या खुणा ओळखायची एक पद्धत १९९९ मध्ये मांडली. खुर्चीचा कोपरा, भिंतीवरच्या माशाचा डोळा, दाराची कडी अशा ठिकाणांचं वर्णन ती अशा आकड्यांत करते की चित्र वळलं, लहान-मोठं झालं, थोडं अंधारलं तरी आकडे फारसे बदलत नाहीत. त्यांनी आणि मॅथ्यू ब्राउन यांनी २००३ साली दाखवलं की फोटोंचा विस्कळीत ढीग दिला तरी संगणक त्यातले एकमेकांचे शेजारी स्वतः शोधून काढतो आणि गोल जुळवतो. खोट्या जोड्याही भरपूर निघतात. दोन सारख्या पलंगांच्या दोन सारख्या कडा संगणकाला एकच वाटतात. त्यांतून खऱ्या वेचायची युक्ती १९८१ सालची आहे: थोड्या जोड्या अंदाजाने उचलायच्या, त्यांच्यावरून जुळणी ठरवायची, बाकीच्या किती जोड्या तिला मान्यता देतात ते मोजायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. खऱ्या जोड्या एकमेकींना दुजोरा देतात. खोट्या प्रत्येकी वेगळंच सांगतात.

आणि वर्तुळ बंद होतं तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. पहिला फोटो दुसऱ्याला जुळतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत सहावा परत पहिल्याला येऊन मिळतो. सगळ्या कोनांची बेरीज ३६० व्हायलाच हवी. भिंगाचा कोन आपण थोडा चुकीचा धरला असेल तर शेवटी फट राहते किंवा फोटो एकमेकांवर चढतात. ती चूक सगळ्यांत वाटून शून्य करताना संगणकाला भिंगाचं खरं माप कळतं. कारखान्याने भिंगावर छापलेल्या आकड्यापेक्षा ते जास्त बिनचूक असतं. पूर्ण फेरी मारल्यामुळे कॅमेऱ्याला स्वतःची ओळख पटते, यापेक्षा मोठं नवल मला या तंत्रात दिसत नाही.

जुळलेल्या फोटोंमधल्या सांध्यांची रेघ पुसण्याची रीत पीटर बर्ट आणि एडवर्ड अॅडेल्सन यांची, १९८३ सालची. चित्र आधी थरांत वेगळं करायचं: एका थरात भिंतीच्या रंगाचे सावकाश बदल, दुसऱ्यात मध्यम तपशील, तिसऱ्यात अक्षरं आणि कडा. सावकाश बदल रुंद पट्ट्यावर एकमेकांत मिसळायचे, बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यावर. मग रंग हळूहळू बदलतो आणि अक्षरं तरीही धूसर होत नाहीत.

तयार गोल साठवायला सपाट करावा लागतो. त्यासाठी वापरतात तो नकाशा जवळपास दोन हजार वर्षं जुना आहे. टॉलेमीने त्याचं श्रेय टायरच्या मरिनस याला दिलं आहे. रेखांश आडवे मोजायचे, अक्षांश उभे, आणि दोन्हींचं अंतर सारखं ठेवायचं. म्हणून अशा प्रत्येक चित्राची रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट असते. शाळेतल्या नकाशावर ध्रुवांजवळचे प्रदेश आडवे पसरतात तसं इथे छत पसरतं. आठ हजार पिक्सेल रुंद चित्र असेल तर त्याची सगळ्यात वरची ओळ, आठ हजार पिक्सेलची, म्हणजे छतावरचा एकच ठिपका असतो. नेमका कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा. पाहताना तीच ओळ मिटून पुन्हा ठिपका होते. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील दिसतो. तेवढं सगळं पुरवायचं तर चित्र २१,६०० पिक्सेल रुंद आणि १०,८०० उंच हवं. म्हणजे तेवीस कोटींहून जास्त ठिपके. एका खोलीसाठी.

दोन भिंगं पाठीला पाठ लावलेले छोटे कॅमेरे एका टिचकीत हे सगळं करतात. असा घरगुती कॅमेरा रिकोने २०१३ साली बाजारात आणला. काम झटपट होतं, पण दोन भिंगांमध्ये थोडं तरी अंतर असतंच आणि पॅरलॅक्स सांध्यावर परत येतो. मोठ्या दालनात तो दिसत नाही, पलंगाशेजारी दिसतो. तरीही नवजात बाळांच्या कक्षात मी असाच कॅमेरा निवडीन. तिथे चाळीस फोटोंपुरतं ताटकळण्यापेक्षा एक तुटलेली रेघ चालेल.

कारण मुलांच्या इस्पितळात कॅमेरा पाहुणा असतो. एका खोलीतून दुसरीत जाताना ट्रायपॉडचे पायसुद्धा पुसायचे. बोन मॅरो बदललेल्या मुलांच्या खोल्यांत गाळलेली हवा असते. तिथे मूल असताना जायचंच नाही, खोली रिकामी होऊन धुतली की सिस्टर सांगतील त्या वेळी जायचं. एमआरआयच्या खोलीत तर आत पाऊल टाकण्याआधी थांबायचं. १.५ टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट जोराचं असतं, आणि ते बंद नसतं कधी. द्रव हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेल्या वेटोळ्यात वीज न थकता फिरत असते, तपासणी चालू असो वा नसो. ट्रायपॉडमधला लोखंडी स्क्रूही तिथे उडत्या गोळीसारखा धोकादायक ठरतो. एमआरआयच्या तंत्रज्ञाने सामान तपासून परवानगी दिली तर आत, नाहीतर दारातून.

पुढचा प्रश्न माणसांचा. कॅमेरा फिरत असताना कोणी चालत गेलं तर ते चित्रात दोनदा उमटतं किंवा सांध्यावर अर्धं कापलं जातं. म्हणून फोटोग्राफर खोल्या रिकाम्या करून घेतात. शिवाय पलंगावरच्या पाट्या, फाइली, मनगटावरचे पट्टे, मॉनिटरवरची नावं. एवढ्या बारीक तपशिलाच्या चित्रात यांतलं पुष्कळ वाचता येतं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. दाखल झालेल्या मुलांना चित्राबाहेर ठेवणं हेच बरोबर. पण पूर्ण रिकामं इस्पितळ भीतिदायक दिसतं, अगदी रंगीत भिंतींसकट. माझं मत असं की प्रत्येक गोलात एक तरी मोठं माणूस असावं: तिथे खरोखर काम करणारी सिस्टर किंवा मावशी, स्वतःच्या इच्छेने, एकाच फोटोच्या मधोमध स्थिर उभी, सांध्यापासून दूर. मुलाला खोलीत आधी तिचा चेहरा शोधता यावा.

ओळखीच्या चेहऱ्यावरून आठवलं, एव्हलिना ज्याच्या आवारात आहे त्या सेंट थॉमसबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. १९४९ साली लंडनच्या इस्पितळांतल्या भेटीच्या वेळांची पाहणी झाली. सेंट थॉमसमध्ये दाखल मुलाला पहिला महिना आईवडिलांनी भेटायचं नाही असा नियम होता. संध्याकाळी सात ते आठ या वेळात झोपलेलं मूल मात्र पाहता येई. गाइज इस्पितळात रविवारी दोन ते चार. आईवडील भेटून गेले की मुलं रडतात, म्हणून भेट नको, असं तेव्हाच्या डॉक्टरांना मनापासून वाटत असे. जेम्स रॉबर्टसन या स्कॉटिश समाजसेवकाला ते पटत नव्हतं. टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करताना त्याने एक चित्रफीत काढली; दोन वर्षं पाच महिन्यांची एक मुलगी, लहानसं ऑपरेशन, इस्पितळात आठ दिवस. १९५२ साली त्याने ती डॉक्टरांच्या सभेत दाखवली. त्याला आधीपासून माहीत होतं की लोक म्हणणार, तू फक्त रडण्याचे क्षण निवडलेस. म्हणून तो रोज ठरलेल्या वेळीच चित्रण करत असे, आणि भिंतीवरचं घड्याळ चित्रात ठेवत असे. सभेत पुष्कळ जण चिडले. पण सात वर्षांनी, १९५९ च्या प्लॅट अहवालाने सरकारला सांगितलं की मुलांना भेटायला बंधन नको आणि आईला सोबत राहू द्यावं.

आपल्याकडे वॉर्डात मुलाजवळ आई असते, पलंगाखाली तिची पिशवी असते, रात्री ती जमिनीवर चटई टाकून झोपते. गैरसोय फार, पण ताटातूट नाही. रॉबर्टसनकडून घेण्यासारखं आहे ते त्याचं घड्याळ: मी निवडून दाखवलेलं नाही, याचा पुरावा चित्रातच ठेवण्याची शिस्त. चौकट नसलेला फोटो तोच पुरावा आपोआप देतो. पाठीमागे काय आहे, असा संशय आला तर मूल मागे वळून पाहू शकतं.

तरीही गोल फोटोही खोटं बोलू शकतो, आणि इथे करणाऱ्याची परीक्षा असते. पडद्यावर एका वेळी शंभराहून जास्त अंश दाखवले तर छोटी खोली दिवाणखान्याएवढी भासते; सत्तरच्या आसपास ठेवलं तर ती आहे तेवढी दिसते. कॅमेरा दीड मीटरवर ठेवला तर ते बापाचं इस्पितळ होतं. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे साधारण एक मीटरच्या किंचित वर असतात. त्या उंचीवरून नोंदणीचा काउंटर भिंत होतो आणि पलीकडचा माणूस दिसतच नाही. अशा जागी मी काउंटरवाल्याला बाहेर येऊन उभं राहायला सांगीन. आणि एक तरी गोल स्ट्रेचरच्या उंचीवरून हवा, मूल आडवं झाल्यावर जिथे त्याचे डोळे असतात तिथून, म्हणजे उघडल्याबरोबर समोर छतच येईल. पायाखालचा भागही महत्त्वाचा. मुलं खाली पाहतातच. ट्रायपॉड बाजूला करून जमिनीचा फोटो वेगळा घेऊन तिथे बसवायचा, नाहीतर मुलाला स्वतःच्या जागी तीन काळे पाय दिसतील.

आणि सुईचा ट्रे लपवायचा नाही. रक्त घेण्याची खोली सफरीत असलीच पाहिजे. जे इस्पितळ फक्त खेळण्याची खोली दाखवेल, त्याच्यावर मूल दुसऱ्या दिवशी विश्वास ठेवणार नाही.

अशा सफरीचं एक खरं काम लंडनमध्येच झालं आहे. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले भौतिकशास्त्रज्ञ जोनाथन अॅशमोर यांनी एमआरआयला येणाऱ्या मुलांसाठी फोनवर चालणारं अॅप केलं. त्यात सगळ्या बाजूंनी टिपलेली चित्रणं आहेत. मूल पुठ्ठ्याच्या चष्म्यात फोन घालून तपासणीचा सगळा प्रवास आधीच करून येतं, अगदी यंत्राच्या आत जाण्यापर्यंत. एमआरआयचा आवाज कानाला संरक्षण लागावं इतका मोठा असतो, आणि तपासणी चालू असेपर्यंत हलायचं नसतं. हे न जमणाऱ्या लहान मुलांना कित्येकदा भूल द्यावी लागते. आवाज आणि बोगदा ओळखीचे झाले तर जागेपणी निभावण्याची शक्यता वाढावी, हा हेतू.

अनोळखी जागेची आधी रंगीत तालीम करायची, ही कल्पना एका वेगळ्याच वाटेने आली आहे. १९७८ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने गाडीवर चार कॅमेरे लावून कोलोरॅडोमधलं अॅस्पेन शहर रस्त्यारस्त्याने टिपलं. पाहणारा पडद्याला स्पर्श करून कोपऱ्यावर वळत असे. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता; न पाहिलेल्या ठिकाणी उतरण्याआधी सैनिकांना तिथले रस्ते पाठ व्हावेत, हा त्यामागचा विचार. आज सफरीत दारावर उमटणारा बाण त्याच कुळातला. मुळात तो दोन आकडे असतो, या गोलातला रेखांश आणि अक्षांश, आणि पुढच्या गोलाचं नाव. आकडे बसवताना एक पथ्य पाळायचं: दारातून आत गेल्यावर तोंड पुढेच राहिलं पाहिजे. पुढचा गोल उलट्या दिशेला उघडला तर मूल चित्रातही हरवतं.

मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांवर उपचार करत आहे. अशा इस्पितळांत मुलं लांबून येतात, रात्रीच्या एसटीने, रेल्वेने, आणि कित्येकांनी त्याआधी लिफ्टही पाहिलेली नसते. त्यांच्यासाठी सफर मराठीत बोलणारी हवी, शक्यतो तिथल्याच सिस्टरच्या आवाजात, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य त्या इस्पितळापुरतं खरं हवं. आई थिएटरच्या दारापर्यंत येऊ शकत असेल तरच तसं म्हणायचं. सुई टोचेल, थोडं दुखेल, हेही म्हणायचं. नेटवर्क कमकुवत असलं तरी सफर उघडू शकते. गोलाचे सहा चौरस भाग करतात, प्रत्येकाचे छोटे तुकडे, आणि तेच तुकडे ढोबळ ते बारीक अशा पायऱ्यांत साठवतात. फोन आधी ढोबळ चित्र मागवतो आणि मग मूल पाहत असेल त्या दिशेचेच बारीक तुकडे आणतो. तेवीस कोटी ठिपक्यांतले बहुतेक कधी उतरवावेच लागत नाहीत. केसपेपरच्या मागे एक क्यूआर कोड छापला की आदल्या रात्री घरी, आईच्या फोनवर, सगळं इस्पितळ फिरून होतं.

एकदा हे केलं की ते सांभाळावं लागतं. मुलांची स्मरणशक्ती अशा बाबतीत कडक असते. भिंतीवरचा मासा जिथे पाहिला तिथे तो सकाळी नसेल तर ते विचारणार. म्हणून प्रत्येक गोलावर तो कोणत्या महिन्यात टिपला ते लिहावं. वॉर्ड नव्याने रंगवला, काउंटर हलवला, की त्या एका जागेचे चाळीस फोटो पुन्हा काढायचे, जुळवायचे आणि जुन्याच्या जागी बसवायचे. बाण तेच राहतात, शेजारचे गोल तसेच राहतात, आणि सफर त्याच दिवशी परत सुरू होते.